विमा संपलेली गाडी ठाण्यात अडकली तर

गाडी ठाण्यात लागली की घरातला जो तो ओळखीचा माणूस शोधायला लागतो. कुणाचा मेहुणा पोलिसात असतो, कुणाचा वर्गमित्र आरटीओजवळ एजंट असतो. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यातल्या मराठी घरांच्या सोयरिकी दोन राज्यांत पसरलेल्या, त्यामुळे फोन उदगीर-निलंग्यालाही जातात आणि कलबुर्गीलाही. या धावपळीत पहिला प्रश्न विचारायचाच राहतो: गाडी धरली ती कुठल्या कलमाखाली?

हा प्रश्न आधी विचारायला हवा, कारण विमा नसलेली गाडी दोन अगदी वेगळ्या प्रसंगी अडकते. एक म्हणजे रस्त्यावरची तपासणी. दुसरा म्हणजे अपघात. तपासणीत अडकलेली गाडी दंड भरून, नवा विमा काढून, कागद दाखवून सुटते. अपघातात अडकलेल्या गाडीला आज काढलेला विमा सोडवू शकत नाही, मग तो कितीही महागाचा असो. हा फरक माहीत नसल्यामुळे लोक ठाण्याच्या पायऱ्या झिजवतात, एजंटाला पैसे देतात, आणि शेवटी कोर्टात गेल्यावर त्यांना कळते की पहिल्या दिवशीच वकिलाकडे जायला हवे होते.

आधी तपासणीचे पाहू. नांदेडहून उदगीर, बीदर, हुमनाबाद करत कलबुर्गीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५० आणि सोलापूरहून उमरगा, हुमनाबाद, जहिराबाद मार्गे हैदराबादला जाणारा ६५, हे दोन्ही रस्ते या भागातून जातात. त्यांवर केए ३८, केए ३९, केए ५६, केए ३२ या इथल्या गाड्या धावतात, तशाच लातूरच्या एमएच २४, धाराशिवच्या एमएच २५ आणि सोलापूरच्या एमएच १३ ही धावतात. गाणगापूरला दत्तदर्शनाला आणि माणिकनगरला येणाऱ्यांमुळे त्यात भर पडते. विम्यापुरते बोलायचे तर राज्याच्या सीमेला अर्थ नाही. लातूरला काढलेली पॉलिसी बीदरात चालते आणि बीदरची नांदेडात.

मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम १४६ सांगते की तिसऱ्या पक्षाच्या जोखमीचा विमा असल्याशिवाय कोणतेही वाहन सार्वजनिक जागी चालवायचे नाही. तिसरा पक्ष म्हणजे रस्त्यावरून चालणारा, सायकलवाला, समोरच्या गाडीतला, म्हणजे तुमच्या गाडीमुळे ज्याला इजा होऊ शकते तो. हा नियम मोडला तर कलम १९६ लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास दंड ४,००० रुपये. व्यवहारात बहुतेक वेळा प्रकरण दंडावर मिटते. दंड भरताना छापील किंवा ऑनलाइन पावती घ्यायचीच. गाडी सोडवताना तीच पावती समोर ठेवावी लागते.

आता एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. रस्त्यावर गाडी अडकवून ठेवण्याचा मुख्य अधिकार कलम २०७ मध्ये आहे. त्यात कारणे मोजून दिली आहेत: चालकाकडे परवाना नसणे, चालक अल्पवयीन असणे, गाडीची नोंदणी नसणे, आणि ज्या वापराला परमिट लागते तो परमिटशिवाय करणे किंवा परमिटच्या अटी मोडणे. या यादीत विम्याचा उल्लेख नाही. म्हणजे नुसता विमा संपला म्हणून गाडी धरली असेल तर नम्रपणे विचारता येते की साहेब, कलम कुठले लावले, ते लिहून द्या. बहुतेक वेळा असे दिसते की विम्याबरोबर दुसरेही काहीतरी निघालेले असते. परवाना घरी राहिला, आरसी दाखवता आली नाही, किंवा पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीत भाड्याची माणसे बसवलेली होती. शेवटचा प्रकार या भागात नित्याचा आहे. आठवडी बाजार, लग्नाचे वऱ्हाड, अमावास्या-पौर्णिमेची गाणगापूरची फेरी, आणि गाडी खासगी. याला कलम १९२-अ लागते आणि त्यातला दंड १०,००० रुपयांचा आहे. विमा असता तरीही खासगी वापराच्या पॉलिसीवर भाडे मारताना अपघात झाला तर कंपनी हात वर करायला बघते. पण आपला विषय सोडवण्याचा आहे, म्हणून तिकडेच वळतो.

अडकलेल्या गाडीबद्दल पोलिसांनी किंवा आरटीओच्या निरीक्षकाने काही ना काही कागद दिलेला असतो. तो नीट वाचा. इथे तो कन्नडमध्ये असतो, आणि मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला तो वाचता येत नाही, हे या सीमाभागातले रोजचे दुखणे आहे. लाज न बाळगता कुणाकडून तरी शब्दन्‌शब्द वाचून घ्या. घरातली पोरे कन्नड शिकलेली असतात, त्यांना बसवा. कलमाचा आकडा, तारीख, वेळ, ठिकाण आणि गाडी कुठे उभी केली आहे ते वहीत मराठीत उतरवून ठेवा. कलम २०७ खाली धरलेली गाडी सोडवायला मालकाने परिवहन अधिकाऱ्याकडे, किंवा सरकारने तो अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याकडे, कागदांसह अर्ज करायचा असतो. अधिकारी कागद तपासतो आणि अटी घालून किंवा अटींशिवाय गाडी सोडण्याचा आदेश देतो. प्रकरण कोर्टात पाठवलेले असेल तर आधी तिथे दंड भरायचा आणि त्याची पावती घेऊन यायचे.

आणि विमा? तो गाडी ठाण्याच्या आवारात उभी असतानाच काढता येतो. नुसत्या तिसऱ्या पक्षाच्या पॉलिसीला सहसा गाडी दाखवावी लागत नाही. गाडीचा नंबर, चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि मालकाचे नाव आरसीवरून भरले की झाले. सर्वसमावेशक पॉलिसी काढायला गेलात तर मध्ये खंड पडलेला असल्यामुळे कंपनी गाडीची पाहणी मागते, फोटो मागते, आणि ठाण्यात उभ्या असलेल्या गाडीची पाहणी करून घेणे त्रासाचे. म्हणून आधी तिसऱ्या पक्षाचा विमा काढून गाडी घरी आणावी आणि स्वतःच्या नुकसानीचा विमा नंतर निवांतपणे बघावा. खंड ९० दिवसांहून जास्त असेल तर नो क्लेम बोनस गेलेला असतो.

जून २०२२ पासून लागू झालेले दर असे: १००० सीसीपर्यंतच्या खासगी कारला वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि त्याहून मोठ्या इंजिनाला ७,८९७, वर १८ टक्के जीएसटी. हे दर सरकार ठरवते, त्यामुळे तिसऱ्या पक्षाच्या भागात कुठलीच कंपनी स्वस्त नाही की महाग नाही. लहान गाडीचा वर्षाचा विमा आणि एकदा पकडल्याचा दंड जवळपास सारखाच आहे, हे आकडे समोर ठेवले की दिसते.

पॉलिसी हाती आली की तिच्यावर विमा सुरू होण्याची तारीख आणि वेळ पाहायची. खंड पडलेल्या गाडीचा विमा काही वेळा त्याच क्षणापासून सुरू होतो, काही वेळा मध्यरात्रीपासून, काही कंपन्यांत आणखी एखाद्या दिवसाने. दुपारी तीनला पैसे भरले, पॉलिसीवर मध्यरात्रीची वेळ आहे आणि तुम्ही चारला गाडी बाहेर काढली, तर ते आठ तास तुम्ही पुन्हा विम्याशिवायच आहात. अशा वेळी गाडी दुसऱ्या दिवशी काढावी, नाहीतर टोचन करून किंवा क्रेनवर घालून न्यावी. न्यायला येणाऱ्याकडे चालू परवाना हवा आणि पीयूसीही संपलेले नको, नाहीतर फाटकाबाहेर पडताच नवे चलन फाटते. कागदांच्या झेरॉक्सबरोबर डिजिलॉकर किंवा एम-परिवहन ॲपमधले कागदही २०१८ पासून नियमाने चालतात.

इथवर काही दिवसांच्या धावपळीत काम होते. पण एका ठिकाणी हमखास गाठ बसते, आणि ती म्हणजे गाडी कुणाच्या नावावर आहे.

सीमेवर जुन्या गाड्यांचा बाजार मोठा. उदगीरचा माणूस गाडी विकतो, औरादचा घेतो, बाँडपेपरवर सह्या होतात, पैसे मोजले जातात आणि आरसी मूळ मालकाच्या नावावर तशीच राहते. राज्य बदलत असेल तर जुन्या आरटीओकडून ना-हरकत आणायची, फॉर्म २९ आणि ३० भरायचे, कर्नाटकात कर भरून नवा नंबर घ्यायचा, हे सगळे खर्चाचे आणि वेळखाऊ, म्हणून लोक पुढे ढकलतात. बाहेरच्या राज्यातली गाडी १२ महिन्यांहून जास्त इथे ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो, हे कलम ४७ सांगते. गाडी सोडवायची वेळ आली की अर्ज नोंदणीकृत मालकाचा लागतो. बाँडपेपर पुढे केला तर अधिकारी तो बाजूला ठेवतो, आणि त्यात त्याची चूक नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात स्पष्ट केले आहे की आरसीवर ज्याचे नाव तोच कायद्याने मालक, मग गाडी पुढे कितीही हात फिरलेली असो. मग उदगीरच्या त्या जुन्या मालकाला शोधायचे, समजावायचे, अधिकारपत्र घ्यायचे किंवा त्याला बरोबर आणायचे. तो पुण्याला राहायला गेलेला असतो, कधी वारलेला असतो. वारला असेल तर वारसांच्या सह्या. गाडी विकणाऱ्यानेही हे मनावर घ्यायला हवे: कागद न बदलता विकलेल्या गाडीने उद्या कुणाला उडवले तर समन्स तुमच्या दारात येणार.

या जुन्या गाड्यांच्या बाबतीत एक दिलासाही आहे. गाडी विकली की तिच्यावरचा तिसऱ्या पक्षाचा विमा कलम १५७ प्रमाणे घेणाऱ्याकडे आपोआप गेला असे मानले जाते. घेणाऱ्याने १४ दिवसांत कंपनीला कळवायचे असते, पण कळवले नाही म्हणून रस्त्यावरच्या माणसासाठीचे संरक्षण संपत नाही. म्हणून जुन्या मालकाच्या नावची पॉलिसी चालू असेल तर गाडी विम्याशिवाय आहे असे घाईने कबूल करू नका. तसेच १ सप्टेंबर २०१८ नंतर नवी घेतलेली कार असेल तर तिच्याबरोबर तीन वर्षांचा तिसऱ्या पक्षाचा विमा एकदम आलेला असतो, दुचाकीला पाच वर्षांचा. स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र बहुतेक वेळा एका वर्षाचा असतो. तो एका वर्षाचा भाग संपला की मालकाला वाटते विमाच संपला. शोरूमने दिलेली जाड फाइल काढा, कर्ज दिलेल्या बँकेला विचारा, एम-परिवहनवर गाडीचा नंबर टाकून विम्याची तारीख बघा. पॉलिसी सापडली तर पुढचा सगळा त्रास वाचतो, आणि अपघाताच्या प्रकरणात तर तिची किंमत लाखांत असते.

आता अपघात.

अपघातात कुणाला इजा झाली की भारतीय न्याय संहितेची कलमे लागतात. बेदरकारपणे चालवण्याला २८१, दुखापतीला १२५, मृत्यूला १०६. गाडी हा पुरावा होतो. पोलीस जागेवर पंचांसमोर महजर (पंचनामा) करतात, गाडी ठाण्यात आणतात, मोटार वाहन निरीक्षक येऊन ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर तपासून अहवाल देतो. केंद्राच्या नियमांप्रमाणे १ एप्रिल २०२२ पासून तपास अधिकाऱ्याला ४८ तासांत अपघाताचा पहिला अहवाल दावा न्यायाधिकरणाला पाठवावा लागतो, आणि मालकाने ३० दिवसांत फॉर्म ४ भरून द्यायचा असतो. त्या फॉर्मात विम्याचा तपशील विचारलेला असतो. म्हणजे लपवालपवीला जागा नाही.

तपासणी झाल्यावर गाडी उगाच अडवून ठेवू नये, अशीच कायद्याची मूळ धारणा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६ मध्ये सोपस्कार पुरे झाल्यावर २४ तासांत गाडी परत देण्याचे म्हटले आहे. गुजरातमधल्या सुंदरभाई अंबालाल देसाई यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २००२ रोजी सांगितले की जप्त वाहने ठाण्यात वर्षानुवर्षे सडवण्यात कुणाचाच फायदा नाही. दंडाधिकाऱ्याने बाँड, हमी आणि तारण घेऊन लवकर आदेश करावा. कुठल्याही तालुक्याच्या ठाण्यामागचे आवार बघितले तर या निकालाची गरज पटते. एका उन्हाळ्यात बॅटरी बसते, टायर जमिनीला टेकतात, सीटखाली उंदीर वायरी कुरतडतात, काचेवर तांबड्या मातीचा थर बसतो, आणि पहिल्या पावसानंतर तो थर दगडासारखा घट्ट होतो. हप्ता मात्र बँक दर महिन्याला कापतच असते.

विमा असलेल्या गाडीला हा रस्ता खुला आहे. तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या (जेएमएफसी) कोर्टात वकिलामार्फत अर्ज द्यायचा. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४५१ आणि ४५७ कलमांखाली व्हायचा; १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची ४९७ आणि ५०३ ही कलमे आहेत. महाराष्ट्रात याला सुपुर्दनाम्यावर गाडी सोडवणे म्हणतात, इकडे वकील मंडळी इंटरिम कस्टडी म्हणतात. काम एकच.

विमा नसेल तर याच कोर्टात याच अर्जापुढे एक नियम आडवा येतो. अपघाताच्या वेळी गाडीला तिसऱ्या पक्षाचा विमा नव्हता, किंवा मागूनही मालकाने पॉलिसीची प्रत दिली नाही, तर पुढे मिळू शकणाऱ्या भरपाईइतके पुरेसे तारण दिल्याशिवाय कोर्टाने गाडी सोडायची नाही. दिल्लीच्या २००८ च्या न्यायाधिकरण नियमांत ही तरतूद आधी आली. जय प्रकाश प्रकरणात २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा तरतुदीचा आग्रह धरला, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये उषा देवी विरुद्ध पवन कुमार या प्रकरणात सगळ्या राज्यांना ती लागू करायला सांगितली. कर्नाटकाच्या मोटार वाहन नियमांत ती २३२-जी या क्रमांकाने आहे. दिल्लीच्या मूळ नियमात पुढची पायरीही दिलेली आहे: मालकाने तारण दिले नाही, तर गाडी ताब्यात घेतल्यापासून तीन महिन्यांनी दंडाधिकारी तिचा जाहीर लिलाव करतो आणि आलेली रक्कम पंधरा दिवसांत दावा न्यायाधिकरणात जमा होते.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे जाचक वाटते. मला ते योग्य वाटते. संध्याकाळी शेतातून रस्त्याच्या कडेने परतणाऱ्या मजूर बाईला गाडीने उडवले, मांडीचे हाड मोडले, तिला सोलापूर किंवा हैदराबादच्या दवाखान्यात हलवावे लागले. गाडीला विमा असेल तर भरपाई कंपनी देते. नसेल तर न्यायाधिकरण भरपाई मंजूर करते आणि तो आदेश तिच्या घरात फळीवर पडून राहतो, कारण तोवर मालकाने गाडी विकलेली असते आणि नावावर काही उरलेले नसते. हा नियम येण्याआधी किती घरांनी असे आदेश जपून ठेवले असतील. उभी असलेली ती गाडी हीच त्या बाईच्या हाताला लागणारी एकमेव वस्तू असते, म्हणून कोर्ट ती सहज सोडत नाही.

त्यामुळे इथे आज काढलेली पॉलिसी उपयोगाची नाही. विमा कायद्याच्या ६४ व्हीबी कलमाप्रमाणे हप्ता मिळाल्याशिवाय कंपनीवर जोखीम येत नाही. अपघात मंगळवारी सकाळी झाला आणि पॉलिसीवर मंगळवारी दुपारची वेळ असेल तर त्या अपघाताला ती लागू होत नाही. काही लोक मागची तारीख टाकून देतो असे सांगतात. त्यांच्या दारातही उभे राहू नका. पॉलिसीची पडताळणी पोलीस कंपनीकडून करून घेतात, आणि खोटा कागद निघाला की अपघाताच्या गुन्ह्याला बनावट दस्तऐवजाचा गुन्हा जोडला जातो. मूळ गुन्ह्यात जामीन सोपा असतो, यात नसतो.

मग करायचे काय? वकीलपत्र देऊन अर्ज दाखल करायचा, आणि अर्जात विमा नव्हता हे सरळ कबूल करून तारण देण्याची तयारी लिहायची. सरकारी वकिलाचे म्हणणे येते, ठाण्याचा अहवाल येतो, मग कोर्ट तारणाचा आकडा ठरवते. इजा किती गंभीर, कुणी दगावले का, गाडीची किंमत काय, हे बघूनच तो ठरतो, त्यामुळे शेजारच्या प्रकरणात किती लागले ते ऐकून हिशेब मांडू नका. अंदाज यावा म्हणून एवढे ध्यानात ठेवा की कलम १६४ खाली चूक सिद्ध न करताही मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये भरपाई आहे, आणि कलम १६६ खालच्या दाव्यात मयताचे वय आणि कमाई बघून आकडा याच्या कितीतरी वर जाऊ शकतो. तारण म्हणून मुदत ठेवीची पावती, बँकेची हमी किंवा जमीन-घर असलेला जामीनदार यांपैकी काय चालेल ते कोर्ट सांगते.

जामीनदाराच्या दिवशी कोर्टात कसे होते ते पाहा. जामीनदार म्हणून बहुधा चुलता, मामा किंवा गावातला एखादा भला शेतकरी येतो. त्याच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत चालू वर्षाची पहाणी (जमिनीचा उतारा), आधार कार्ड, फोटो आणि घरपट्टीची पावती असते. पहाणीवर पीककर्जाचा बोजा चढलेला असेल तर तिथेच प्रश्न येतो, म्हणून आदल्या दिवशी नवी प्रत काढून बोजाचा रकाना बघून घ्यावा. नावातला फरक हे दुसरे दुखणे: पहाणीवर कन्नडमध्ये एक नाव, आधारावर इंग्रजीत दुसरे, मराठी शाळेच्या दाखल्यावर तिसरे. असा फरक असेल तर प्रतिज्ञापत्र आधीच करून न्यावे. न्यायाधीश जामीनदाराला विचारतात की तुम्ही कशासाठी सही करताय ते कळते का. त्याला ते घरीच नीट समजावून सांगा. भरपाईची रक्कम मालकाने भरली नाही तर ती जामीनदाराच्या मालमत्तेवर येऊ शकते, हे त्याला माहीत असणे हा त्याचा हक्क आहे.

ज्याला तारण शक्यच नाही त्याच्यापुढे गाडी लिलावात जाऊ देण्याचा मार्ग उरतो. पण लिलावाने देणे संपत नाही. न्यायाधिकरणाने ठरवलेली रक्कम लिलावाच्या पैशांत भागली नाही तर उरलेली कलम १७४ प्रमाणे जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, म्हणजे ती तुमच्या पहाणीपर्यंत पोचते. म्हणून मालकाने जखमीच्या घरच्यांशी वकिलामार्फत बोलणे सुरू ठेवावे आणि लोकअदालतीत तडजोड बघावी. तिथे ठरलेली रक्कम हप्त्यांनी देण्याचेही ठरवता येते. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका कोर्टाच्या आवारातच विधी सेवा समिती असते. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या अर्जदारांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो. जखमीच्या घरालाही हे सांगायला हवे, कारण तेही त्याच कोर्टात चाचपडत उभे असतात.

अपघात सीमेपलीकडे झाला तर सगळे तिकडचे. भालकीची गाडी निलंग्याजवळ धडकली तर ठाणे, कोर्ट आणि निरीक्षक तिथले; उमरग्याची गाडी आळंदजवळ धडकली तर इकडचे. उषा देवी निकालातला आदेश सगळ्या राज्यांना आहे, तेव्हा महाराष्ट्रात सुटेल आणि कर्नाटकात अडकेल असे काही नाही. जखमी माणूस मात्र आपल्या गावच्या हद्दीतल्या न्यायाधिकरणातही दावा करू शकतो, म्हणून गाडीचा अर्ज एका राज्यात आणि भरपाईचा दावा दुसऱ्या राज्यात असे होऊ शकते. दोन वकील लागतात. दोघांना एकमेकांचे नंबर देऊन ठेवावेत. जामीनदार कोर्टाच्या जवळपासचा असला तर पडताळणी लवकर होते, इथे सोयरिकी खरोखर कामाला येतात. दारू किंवा वाळूच्या प्रकरणात धरलेल्या गाडीचा मार्ग वेगळ्या कायद्यातून जातो. तिथे यातले फारसे लागू पडत नाही.

आदेश झाला की त्याची प्रमाणित प्रत घेऊन ठाण्यात जायचे. ताबापावतीवर सही करण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारा. स्टेपनी, जॅक, टेप, बॅटरी, मीटरवरचे किलोमीटर महजरात लिहिल्याशी जुळतात का बघा, फोटो काढा, काही कमी असेल तर पावतीवरच लिहा. नव्या संहितेत जप्त वस्तूचे वर्णन आणि छायाचित्र कोर्टाने करून घ्यायची तरतूद आहे, तेव्हा तुलना करायला कागद असतो. आणि नवा विमा आधी काढलेला हवा. जुन्या अपघाताला तो लागू होत नसला तरी फाटकाबाहेरच्या रस्त्याला होतो.

पुढे खटला चालू असेपर्यंत गाडी विकायची नाही, रंग बदलायचा नाही, चेसिस नंबराला हात लावायचा नाही आणि कोर्टाने बोलावले की हजर करायची, अशा अटी बाँडवर असतात. बाँडची झेरॉक्स गाडीच्या कागदांतच ठेवावी, म्हणजे घरातला दुसरा कुणी अजाणता व्यवहार करणार नाही. फौजदारी खटला संपला तरी भरपाईचा दावा चालू असेल तर तारण मोकळे होत नाही. दोन्ही संपल्यावर ते आपोआपही सुटत नाही. वकिलाला सांगून बाँड रद्द करण्याचा आणि तारण परत मिळण्याचा वेगळा अर्ज द्यावा लागतो. मामाच्या किंवा चुलत्याच्या जमिनीवर तुमच्यासाठी चढलेला भार उतरवून त्यांचे कागद त्यांच्या हातात परत देईपर्यंत हे प्रकरण तुमच्याकडे आहे.